आरडाओरड्याची तक्रार आणि तायक्वांदोची पंचवीस वर्षे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याने भरवलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



आज मी तायक्वांदो या विषयावर बोलणार आहे हे नोटीस बोर्डावर वाचून अनेकांना हसू आलं असेल. कारण उघड आहे. ज्या माणसाने गेल्या वर्षी या हॉलमधल्या तायक्वांदो वर्गाविरुद्ध लेखी तक्रार दिली, तो मीच. माझे घर हॉलच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर. संध्याकाळी सात वाजता मी बातम्या लावायचो आणि त्याच वेळी खालून तीस-चाळीस मुलांची आरोळी यायची. अर्जात मी "असह्य आरडाओरडा" असा शब्द वापरला होता. बँकेत छत्तीस वर्षे काढली, त्यामुळे अर्ज लिहायला हात तयार होता. तारीख, वेळ, उपविधीचा हवाला, सगळे व्यवस्थित.

सचिवांनी अर्जावर पोच दिली आणि म्हणाले, "काका, एकदा खाली येऊन बसा तरी." मी गेलो. वर्ग घेणाऱ्या बाई वयाने माझ्या नातीएवढ्या. त्यांना मी विचारलं, "हे ओरडणं कशासाठी?" त्या म्हणाल्या, "आजोबा, त्याला कीहाप म्हणतात. ताकद लावताना श्वास बाहेर सोडायचा, त्याचा तो आवाज. श्वास कोंडून लाथ मारली तर पोटावर ताण येतो." मग मला खुर्ची दिली. मी तासभर बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पुढे घरी पुस्तके आणून वाचू लागलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम एक योगायोग सांगतो. आपल्या सोसायटीची नोंदणी २००० साली झाली. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात सिडनी ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोला पहिल्यांदा अधिकृत पदके मिळाली. महिलांच्या ४९ किलो वजनी गटात ऑस्ट्रेलियाच्या लॉरेन बर्न्सने आणि पुरुषांच्या ५८ किलो गटात ग्रीसच्या मिखाइल मुरुत्सोसने सुवर्णपदक जिंकले. म्हणजे आपल्या सोसायटीचा आणि या खेळाच्या ऑलिंपिक कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव एकाच वर्षी आला.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. ते म्हणजे पाय, क्वान म्हणजे मूठ आणि दो म्हणजे मार्ग. हाता-पायाच्या प्रहाराचा मार्ग, तो तायक्वांदो. याच्या माहितीपत्रकात बहुधा लिहिलेले असते की ही कला दोन हजार वर्षांची आहे. कोरियातल्या जुन्या थडग्यांमधल्या भिंतीचित्रांचा दाखला देतात, सिल्ला राज्यातल्या ह्वारांग तरुणांचा दाखला देतात. कोरियात लाथांची एक जुनी कला होती यात शंका नाही. तिचे नाव तेक्क्यॉन. २०११ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. पण आपली मुले ज्या ठोशा-लाथा शिकतात त्यांचा हिशेब तपासला तर खाते दुसरीकडेच निघते.

१९१० ते १९४५ ही पस्तीस वर्षे कोरिया जपानच्या ताब्यात होता. भाषा, नावे, चालीरीती, सगळ्यावर दडपण. त्या काळात शिक्षणासाठी जपानला गेलेले कोरियन तरुण तिथे कराटे शिकले. परत येऊन त्यांनी आखाडे काढले. त्यांना क्वान म्हणतात. १९४४ मध्ये ली वॉन-कुक यांनी सेऊलमध्ये छुंग दो क्वान सुरू केला. त्याच सुमारास आणि स्वातंत्र्यानंतर मू दक क्वान, जी दो क्वान, सोंग मू क्वान, छांग मू क्वान असे आणखी निघाले. म्हणजे ज्या राज्यकर्त्यांनी देश तुडवला त्यांच्याच कलेवर ही इमारत उभी राहिली. कोरियन माणसाला हे उघडपणे मान्य करणे किती जड गेले असेल याची कल्पना करा. दोन हजार वर्षांचा दावा पुढे येण्यामागे ही दुखरी जागा आहे, असे मला वाटते. मी त्यांना दोष देत नाही. पण मुलांना शिकवताना खरे सांगावे. उधार घेतलेल्या भांडवलावर चांगला धंदा उभा केला तर त्यात कमीपणा कसला? आमच्या बँकेचे तर सगळे कामच त्यावर चालायचे.

या क्वानांचे एकमेकांशी पटत नसे. प्रत्येकाचे नाव वेगळे, शिकवण्याची रीत वेगळी, पट्टे देण्याचे नियम वेगळे. सोसायटीत चार विंगा आणि प्रत्येक विंगेचा गणपती वेगळा, तसा प्रकार. या गोंधळात एक सेनाधिकारी पुढे आला. त्यांचे नाव चोई हाँग ही. जन्म १९१८, आजच्या उत्तर कोरियात. जपानमध्ये कराटे शिकले. जपानी सैन्यात सक्तीने भरती झाली, तिथे बंडाच्या कटावरून तुरुंगात गेले आणि देश स्वतंत्र झाल्यावर सुटले. पुढे दक्षिण कोरियाच्या सैन्यात जनरल झाले आणि आपल्या सैनिकांना ही कला शिकवू लागले. ११ एप्रिल १९५५ रोजी जाणत्या मंडळींच्या बैठकीत चोई यांनी सुचवलेले "तायक्वांदो" हे नाव ठरले. नाव निवडताना जुन्या तेक्क्यॉनशी त्याचा उच्चार जुळेल हे पाहिलेले होते.

नाव ठरले म्हणून वाद मिटले नाहीत. १९५९ मध्ये संघटना झाली. १९६१ मध्ये तडजोड म्हणून "तेसुदो" हे तिसरेच नाव घेतले. १९६५ मध्ये पुन्हा तायक्वांदो. कमिटीच्या बैठका तिथेही अशाच लांबत असणार, याबद्दल मला तरी शंका नाही.

चोई यांचे मोठे काम म्हणजे त्यांनी बसवलेले चोवीस पॅटर्न. पॅटर्न म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचाली. दिवसाचे तास चोवीस म्हणून पॅटर्न चोवीस. माणसाचे अख्खे आयुष्य काळाच्या हिशेबात एका दिवसाएवढेच, असा त्यामागचा विचार. बहुतेक पॅटर्नना कोरियाच्या इतिहासातल्या व्यक्तींची नावे आहेत. एक आहे जुंग-गन. आन जुंग-गन या तरुणाने १९०९ मध्ये हार्बिन स्टेशनवर जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांना गोळ्या घातल्या आणि १९१० मध्ये तो फासावर गेला. मृत्यूसमयी त्याचे वय बत्तीस धरतात, म्हणून त्या पॅटर्नमध्ये हालचाली बत्तीस. आपल्याला लगेच चापेकर बंधू आठवतात. म्हणजे मूळ शिकवण जपानी कराटेची, पण मूल जेव्हा हालचाली करते तेव्हा ते आपल्या हुतात्म्याचे वय मोजत असते. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो.

तुमच्यातल्या दक्ष मुलांनी मान हलवली, की आम्ही तर हा पॅटर्न करत नाही. बरोबर आहे. तुम्ही करता ते तेगुक, आठ प्रकारचे. कारण पुढे घर फुटले.

१९६६ मध्ये चोई यांनी सेऊलमध्ये आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ स्थापन केला. पण राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या राजवटीशी त्यांचे बिनसले आणि १९७२ मध्ये ते कॅनडाला निघून गेले. महासंघाची कचेरीही टोरंटोला गेली. इकडे सेऊलमध्ये त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कुक्कीवॉन ही तायक्वांदोची मुख्य वास्तू उभी राहिली. मे १९७३ मध्ये तिथे पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि पाठोपाठ २८ मे रोजी जागतिक तायक्वांदो महासंघ ही नवी संस्था निघाली. अध्यक्ष किम उन-योंग. चोई यांची संस्था एकीकडे, ही दुसरीकडे. नियम वेगळे, पॅटर्न वेगळे, पोशाखसुद्धा वेगळा.

बँकेत असताना एका युनियनच्या दोन युनियन झालेल्या मी पाहिल्या आहेत. भांडण वरच्या चार जणांचे असते आणि जेवणाच्या सुट्टीत एका टेबलावर बसणारी माणसे अलग बसू लागतात. इथेही तेच झाले. त्यात चोई यांनी १९८० मध्ये आपला संघ उत्तर कोरियात नेला. दक्षिणेच्या दृष्टीने हा द्रोहच. २००२ मध्ये प्योंगयांगमध्येच त्यांचे निधन झाले. ज्या खेळाचे नाव त्यांनी सुचवले तो ऑलिंपिकमध्ये गेलेला त्यांनी पाहिला, पण दुसऱ्याच्या हातून गेलेला.

खेळ जगभर कसा पसरला? माणसांमुळे. १९६४ मध्ये दक्षिण कोरियाने व्हिएतनाममध्ये पहिली तुकडी धाडली. त्यात फिरते इस्पितळ होते आणि दहा तायक्वांदो शिक्षक होते. अमेरिकेत जून ऱ्ही या शिक्षकांनी वॉशिंग्टनमध्ये शाळा काढली आणि तिथल्या खासदारांनाही शिकवले. सरावात इजा होऊ नये म्हणून अंगावर घालायची संरक्षक साधने त्यांनी तयार केली. असे कितीतरी शिक्षक एक बॅग घेऊन परदेशी गेले, भाड्याच्या हॉलमध्ये वर्ग सुरू केले. त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी पहिल्या मजल्यावर राहत असेलच.

मग ऑलिंपिक. १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जागतिक महासंघाला मान्यता दिली. १९८१ मध्ये सेऊलला १९८८ चे ऑलिंपिक मिळाले आणि यजमान म्हणून कोरियाने तायक्वांदो प्रात्यक्षिक खेळ म्हणून ठेवला. १९९२ मध्ये बार्सिलोनातही तसेच. ४ सप्टेंबर १९९४ रोजी पॅरिसच्या अधिवेशनात ठरले की सिडनीत तो पदकांचा खेळ होईल. कराटेला हा मान त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी टोकियोत मिळाला आणि पुढच्या पॅरिसमध्ये तो राहिला नाही. तायक्वांदोमागे एक संस्था, एक नियमावली आणि एका देशाचे सरकार होते, त्याचा हा परिणाम. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. किम उन-योंग ऑलिंपिक समितीचे उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचले, पण २००४ मध्ये संस्थांच्या पैशांच्या अपहारप्रकरणी त्यांना शिक्षा झाली. इतकी वर्षे एकाच माणसाकडे किल्ल्या ठेवल्या की काय होते, हे बँकेतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या असत आणि त्या दोन माणसांकडे असत.

कला जेव्हा खेळ होते तेव्हा गुण मोजावे लागतात. आज अंगावर ठोसा लागला तर एक गुण, अंगावर लाथ दोन, डोक्यावर लाथ तीन. गिरकी घेऊन मारली तर अंगावर चार आणि डोक्यावर पाच. फेऱ्या दोन-दोन मिनिटांच्या, तीनपैकी दोन जिंकणारा विजयी. पूर्वी हे सगळे पंचांच्या डोळ्यांवर असे आणि त्यातून तंटे होत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्यूबाच्या आंखेल मातोसला दुखापतीची वेळ संपली म्हणून बाद ठरवले, तेव्हा त्याने थेट पंचाच्याच तोंडावर लाथ मारली. माजी सुवर्णपदक विजेता, त्याच्यावर आजन्म बंदी आली. त्यानंतर लंडनला २०१२ मध्ये छातीच्या कवचात विद्युत यंत्रणा आली, शंका असेल तर चित्रण पुन्हा पाहण्याची सोय आली. पुढे रिओत डोक्याच्या कवचातही यंत्र बसले.

निकाल स्वच्छ झाले, पण जाणकारांची कुरकूर सुरू झाली. यंत्राला स्पर्श कळतो, लाथेतली कला कळत नाही. खेळाडू पुढचा पाय हवेत धरून टिचकीसारखा लावू लागले. म्हणून तर गिरकीच्या लाथेचे गुण वाढवावे लागले. मला यात आमचे संगणकीकरण आठवले. चुका कमी झाल्या हे नक्की. पण सही बघून माणूस ओळखणारा जुना कॅशियर गेला तो गेलाच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता मला जो भाग सर्वांत मोलाचा वाटतो तो सांगतो. या खेळाने लहान देशांना पदके दिली. व्हिएतनामचे पहिलेवहिले ऑलिंपिक पदक सिडनीत तायक्वांदोचे, त्रान हिएउ न्गान या मुलीचे. अफगाणिस्तानचे पहिले पदक २००८ मध्ये रोहुल्ला निकपाईचे. इराणमधल्या निर्वासित छावणीत राहताना तो हा खेळ खेळत असे. गॅबनचे पहिले पदक २०१२ मध्ये. जॉर्डनचे पहिले पदक २०१६ मध्ये आणि तेही सुवर्ण. त्याच रिओमध्ये आयव्हरी कोस्टचा शेख सिसे अंतिम सामन्यात शेवटच्या सेकंदापर्यंत मागे होता. शेवटची गिरकी डोक्याला लागली आणि देशाचे पहिले सुवर्ण आले. या खेळाला घोडा लागत नाही, बोट लागत नाही, तलावही लागत नाही. जॉर्डनमधल्या अझराक निर्वासित छावणीतसुद्धा तायक्वांदोचे वर्ग चालतात.

आणि यजमान कोरिया? सिडनीत त्यांनी चारच खेळाडू उतरवले, कारण तेव्हा एका देशाला दोन पुरुष आणि दोन महिला एवढीच मुभा होती. चौघांनीही पदके आणली. पण टोकियोत कोरियाला एकही सुवर्ण मिळाले नाही. त्यांच्या घरचा खेळ, त्यांच्या भाषेत पंच "सिजाक" म्हणून सुरुवात करतो आणि सुवर्ण थायलंडला, सर्बियाला, उझबेकिस्तानला. पॅरिसमध्ये त्यांनी पुन्हा दोन सुवर्णे मिळवली, पण मुद्दा तो नाही. खेळ जगाचा व्हावा असे वाटत असेल तर त्यात हरण्याची तयारी ठेवावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपले दोन्ही संघ जिंकले. आपण टाळ्या वाजवल्या. पण खो-खोच्या अंतिम सामन्यात आपला संघ एखाद्या छोट्या देशाकडून हरेल, त्या दिवशी तो खरा जगाचा खेळ झाला असे मी समजेन. त्या दिवशीही टाळ्या वाजवता आल्या पाहिजेत.

किमिया अलीझादेहची गोष्ट मुलींनी लक्षात ठेवावी. २०१६ मध्ये ती ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली इराणी महिला ठरली. २०२० मध्ये तिने देश सोडला. टोकियोत निर्वासितांच्या संघातून उतरली, तेव्हा पहिलीच लढत आली ती इराणच्या नाहिद कियानीशी. ती किमिया जिंकली. पॅरिसमध्ये ती बल्गेरियाकडून खेळली आणि पुन्हा समोर कियानी. या वेळी कियानी जिंकली. शेवटी कियानीला रौप्य आणि किमियाला कांस्य मिळाले. एकाच देशात वाढलेल्या दोघी, दोन वेगळ्या झेंड्यांखाली.

फुटलेल्या घराचे पुढे काय झाले तेही सांगतो. २०१७ मध्ये दक्षिण कोरियातल्या मूजू इथल्या जागतिक स्पर्धेत उत्तरेकडच्या महासंघाचा संघ प्रात्यक्षिकासाठी आला. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी दोन्हीकडच्या खेळाडूंनी मिळून प्रात्यक्षिके केली आणि त्याच एप्रिलमध्ये दक्षिणेचा संघ प्योंगयांगला गेला. दोन्ही संस्था आजही वेगळ्याच आहेत. पण एका मॅटवर उभे राहून एकमेकांना वाकून नमस्कार झाला. राजकारणाला जे जमले नाही तेवढे तरी झाले.

आपल्या देशात हा खेळ १९७० च्या दशकात आला. २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत सुरेंद्र भंडारी यांनी कांस्यपदक मिळवले. हरयाणाची अरुणा तन्वर टोकियो पॅरालिंपिकमध्ये खेळली. पण ऑलिंपिकच्या तायक्वांदोत पॅरिसपर्यंत एकही भारतीय पोहोचलेला नाही. संघटनांचे वाद आपल्याकडेही आहेत आणि त्यात मुलांची वर्षे जातात. तेव्हा कोरियाच्या भांडणांना हसण्याचे कारण नाही.

इथे पालकांशी थोडे स्पष्ट बोलतो. वर्गाबाहेर बाकावर बसलो असताना दोन प्रश्न सारखे कानावर पडायचे. "दहावीला याचे मार्क मिळतात का?" आणि "पुढचा पट्टा कधी?" क्रीडा गुणांची सवलत आहे, ती जरूर घ्या. पण परवाचा प्रसंग सांगतो. एक दहा वर्षांचा मुलगा सरावाच्या लढतीत हरला. डोळ्यांत पाणी होते. तरी तो मधोमध आला, समोरच्याला वाकून नमस्कार केला, मग त्याच्या शिक्षकांना केला आणि मगच कोपऱ्यात जाऊन रडला. मी पंचाहत्तरी गाठत आलो, आणि मागच्या वार्षिक सभेत माझा ठराव पडला तेव्हा मी रागाने चहासुद्धा न घेता निघून गेलो होतो. त्या मुलाला जे येते ते मला आले नव्हते. याला गुणपत्रिकेत रकाना नाही.

शेवटी आपल्या घरचा विषय. पुढच्या महिन्याच्या सभेत हॉल वर्गाला द्यायचा की नाही हा प्रश्न येणार आहे. विरोधाच्या बाजूने माझा अर्ज फाइलला आहे आणि काही सभासद त्याचाच आधार घेणार आहेत असे कळते. म्हणून सर्वांसमक्ष सांगतो, तो अर्ज मी मागे घेत आहे. तसे पत्र आज सचिवांकडे दिले आहे, पोच घेतली आहे. त्यात दोन सूचना आहेत. वर्ग साडेआठला संपावा, कारण आजारी आणि अभ्यास करणारी माणसेही याच इमारतीत राहतात. आणि हॉलच्या भाड्यातून जाड मॅट घ्याव्यात. मुलांचे गुडघे वाचतील आणि आवाजही कमी होईल. मात्र यासाठी सिंकिंग फंडाला हात लावू नये, तो लिफ्टसाठी आहे.

कीहाप मात्र बंद करू नका. हल्ली सात वाजता मीच बातम्यांचा आवाज कमी करतो. त्यात रोज तेच भांडण असते. खालून आरोळी आली की कळते, आपल्या इमारतीतली चाळीस मुले एकाच वेळी श्वास सोडताहेत.